२,४०० रुपयांची ओळख: जळगावातील दोन दिवसांच्या एका कार्यशाळेविषयी

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील पीव्हीसी पाइपच्या एका कारखान्यात मी अकरा वर्षे गुणवत्ता तपासणीचे काम करते. या काळात माझ्यानंतर लागलेले दोघे माझ्या वरच्या जागेवर गेले आणि त्या दोघांच्याही कामात मला खोट काढता येणार नाही. मात्र ग्राहकाचे तपासनीस कारखान्यात आले की ते दोघे पुढे होऊन बोलत असत आणि मी नोंदवही धरून मागे उभी राहत असे. नोकरीत पुढे जाण्यासाठी ओळखी कशा वाढवाव्यात आणि स्वतःला कसे मांडावे, हे शिकवणाऱ्या दोन दिवसांच्या कार्यशाळेचे पत्रक हाती आले, तेव्हा २,४०० रुपये भरून नाव नोंदवण्यामागे हे मागे उभे राहणेच होते. कार्यशाळेला आता चार महिने झाले. अशा कार्यक्रमातून बाहेर पडताना अंगात आलेला उत्साह सोमवारच्या पहिल्या शिफ्टपर्यंत उरतो की नाही ते पाहूनच लिहावे, असे ठरवले होते. आयोजकांचे किंवा प्रशिक्षकांचे नाव मी देत नाही. जळगाव तसे लहान आहे आणि मला बोलायचे आहे ते शिकवण्याच्या पद्धतीविषयी.

कार्यशाळा एका हॉटेलच्या सभागृहात शनिवार-रविवारी होती. आम्ही अडतीस जण होतो. निम्मे जळगावचे, बाकीचे भुसावळ, पाचोरा आणि चाळीसगावहून सकाळच्या गाडीने आलेले, दोघे धुळ्याचे. पत्रकावर दहाची वेळ होती आणि सुरुवात पावणेअकराला झाली. वेळ पाळणे हा स्वतःच्या मांडणीचा पहिला भाग असतो, हे वाक्य प्रशिक्षकांनी अकराच्या सुमारास उच्चारले तेव्हा मागच्या रांगेत जरा खसखस पिकली. पोशाखाच्या सत्रात पुरुषांनी मुलाखतीला ब्लेझर घालावा असेही सांगण्यात आले. मे महिन्यात जळगावच्या बसस्थानकावर ब्लेझर घालून उभ्या राहिलेल्या उमेदवाराची मांडणी मुलाखतीच्या दारापर्यंत कितपत शिल्लक राहील, हा हिशेब पुण्याहून आलेल्या प्रशिक्षकांनी बहुधा केला नसावा. पोशाखाविषयी यापेक्षा जास्त लिहिण्यासारखे काही तिथे नव्हते.

खरे मोल होते ते पहिल्या दिवसाच्या दुसऱ्या सत्राला. प्रत्येकाने उठून एका मिनिटात आपली ओळख करून द्यायची होती. अडतीसपैकी तिशीच्या वर लोकांनी एकाच साच्यात ओळख दिली: नाव, मूळ गाव, तालुका, वडील काय करतात, शिक्षण किती, आणि मिनिट संपत आले की घाईघाईने ‘सध्या अमुक ठिकाणी जॉबला आहे’. मीही तसेच बोलले. सगळ्यांचे झाल्यावर प्रशिक्षकांनी विचारले, की आत्ता ऐकलेल्यांपैकी कोण नेमके काय काम करते, हे कुणाला सांगता येईल? कुणालाही सांगता आले नाही. गावे मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिली होती. एवढ्यात दोघांना आपापली सोयरिक एकाच घरात असल्याचा शोधही लागला होता.

त्यानंतर दीड तास आम्ही ती ओळख नव्याने लिहिली. सूचना साधी होती: पदाचे नाव सांगू नका, तुमच्यामुळे काय घडते किंवा काय टळते ते सांगा, आणि त्यात एक तरी आकडा किंवा एक तरी नेमकी वस्तू असू द्या. ‘मी क्वालिटी विभागात आहे’ या माझ्या वाक्याचे तिसऱ्या खर्ड्यात असे झाले: ‘पिण्याच्या पाण्याच्या योजनेसाठी जाणारा आमचा प्रत्येक लॉट आयएस ४९८५ या मानकाप्रमाणे दाबाच्या आणि आघाताच्या चाचणीतून माझ्या सहीने बाहेर पडतो, चाचणीत पाइप फुटला तर तो लॉट मी थांबवते.’ हे वाचून दाखवले तेव्हा शेजारी बसलेल्या, बांधकाम खात्यात काम करणाऱ्या दादांनी लगेच विचारले, की लॉट थांबवल्यावर मालक काही म्हणत नाहीत का. अकरा वर्षांत माझ्या कामाविषयी बाहेरच्या माणसाने विचारलेला तो पहिला प्रश्न असावा. ओळख करून दिल्यावर समोरच्याला पुढचा प्रश्न सुचला पाहिजे, ही कसोटी मला त्या दिवशी मिळाली आणि ती अजून उपयोगी पडते.

एका गोष्टीत मात्र मी प्रशिक्षकांशी सहमत नाही. गाव आणि तालुका सांगण्याची आपली सवय त्यांनी थट्टेवारी नेली. खानदेशात ‘तुम्ही कुठले?’ हा प्रश्न चौकशीपुरता नसतो. त्याच्या उत्तरावर समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढायची की नाही ते ठरवतो. यावल तालुक्यातले गाव सांगितल्यावर मला आजवर जी दारे उघडली गेली, ती एखाद्या चटपटीत वाक्याने उघडली नसती. गाव अगोदर सांगावे आणि थांबण्यापूर्वी कामावर यावे, एवढीच दुरुस्ती पुरेशी होती.

याहून गंभीर आक्षेप बोलीबद्दल आहे. रावेरकडचा एक तरुण केळीच्या पॅकहाउसमध्ये निर्यातीचे काम पाहतो. तो बोलू लागला तेव्हा आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे त्याच्या तोंडी ‘ळ’चा ‘य’ होत होता आणि केळीची ‘केयी’ होत होती. प्रशिक्षकांनी त्याला दोनदा थांबवून ‘शुद्ध’ बोलायला सांगितले आणि त्यानंतर तो दुपारपर्यंत गप्प बसला. जेवणाच्या सुट्टीत आम्ही चार-पाच जण त्याच्याभोवती उभे होतो, तेव्हा निर्यातीची केळी तेरा किलोच्या आसपास वजनाच्या खोक्यांत का भरतात, कंटेनरचे तापमान १३ ते १४ अंशांच्या खाली गेले तर साल कशी काळवंडते आणि परदेशात उतरल्यावर दिसणारी चूक इथे फण्या धुतानाच कशी झालेली असते, हे त्याने इतके मुद्देसूद समजावले की कुणीही हातातल्या ताटाकडे पाहिले नाही. ‘केयी’ हा उच्चार तेव्हाही तोच होता. मुलाखतीत किंवा ग्राहकासमोर प्रमाण मराठी किंवा इंग्रजी लागते, त्याचा सराव हवा, हे मला मान्य आहे. पण अडतीस लोकांसमोर एखाद्याचा उच्चार दुरुस्त करून त्याला बोलते करता येत नाही. अहिराणी किंवा लेवा बोली बोलणाऱ्या मुलांना घेऊन इथे वर्ग भरवायचा असेल, तर आयोजकांनी हे प्रशिक्षकांना आधी सांगायला हवे होते.

याच ओघात देहबोलीचे सत्र झाले आणि पडद्यावर ते प्रसिद्ध आकडे आले: संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि चेहऱ्याचा ५५. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या प्रयोगांतून आले आहेत. त्या प्रयोगांत सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवून आणि चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून, बोलणाऱ्याची आवड-नावड ऐकणाऱ्याला कशावरून कळते एवढेच तपासले होते; हे सूत्र भावना व्यक्त करण्यापलीकडे लागू होत नाही, हे स्वतः मेहराबियन यांनीही स्पष्ट केले आहे. माझ्या चाचणीचा अहवाल चेहऱ्यावरून ५५ टक्के कळला असता, तर नोंदवही कशाला ठेवली असती? प्रशिक्षण देणाऱ्यांनी मुळापर्यंत जाऊन वाचावे, एवढी अपेक्षा २,४०० रुपयांत रास्त आहे.

दुसऱ्या दिवशीचे ओळखींविषयीचे सत्र मात्र उत्तम झाले. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९७३ साली मांडलेला विचार तिथे सोप्या शब्दांत सांगितला गेला. बॉस्टनजवळच्या एका गावात नुकतीच नोकरी बदललेल्या आणि ती ओळखीतून मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारले, की ज्याच्याकडून नोकरीची माहिती मिळाली, त्याला तुम्ही त्या सुमारास किती वेळा भेटत होता? वारंवार भेटणारे १६.७ टक्के निघाले, अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के आणि क्वचितच भेटणारे २७.८ टक्के. जवळच्या माणसांना आपल्याला माहीत असलेल्याच गोष्टी माहीत असतात, दूरच्या ओळखीचा माणूस दुसऱ्या वर्तुळात वावरतो आणि नवी बातमी तिथून येते, असा त्याचा अर्थ. पुढे लिंक्डइनवरच्या सुमारे दोन कोटी लोकांच्या माहितीवर झालेला आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यासही बऱ्याच अंशी याच बाजूचा निघाला.

हे ऐकताना मी मनात माझ्या ओळखींची मोजदाद करत होते. भाऊबंद, माहेर-सासरची माणसे, लग्न-हळदीत भेटणारे लोक धरले तर ओळखींची मला काहीच वाण नाही. पण त्यातल्या जवळजवळ सगळ्यांना एकमेकांची बित्तंबातमी असते आणि माझ्या क्षेत्रातली एकही बातमी नसते. नोकरीचा विषय काढला की नाना-आप्पांपासून सगळे एकाच माणसाचे नाव सांगतात, ‘त्याले फोन लाव’ म्हणतात, आणि त्या माणसाला आधीच वीस फोन गेलेले असतात. याउलट पाचोऱ्याहून रोज अप-डाऊन करणारी माझी एक सहकारी डब्यातल्या पासधारकांमुळे बँक, रेल्वे, महाविद्यालय आणि तीन कारखान्यांमधल्या बातम्या जाणून असते. त्या डब्यात रोज मोफत भरणारी कार्यशाळा प्रशिक्षकांना ठाऊक नव्हती. चर्चेत ती त्यांना सांगितल्यावर त्यांनी ती मोकळेपणाने फळ्यावर लिहून घेतली, हे त्यांच्या बाजूने नमूद करते.

लिंक्डइनचे सत्र घाईत उरकले, कारण सभागृहातले वायफाय अडतीस मोबाइलना पुरले नाही. नावाखालच्या ओळीला २२० अक्षरांची मर्यादा असते आणि तिथे पदाऐवजी काम लिहावे, एवढे हाती लागले. मोफत खात्यावरून अनोळखी व्यक्तीला जोडताना सोबत चिठ्ठी लिहिण्याची मुभा महिन्याला मोजक्याच वेळा मिळते, ही उपयोगाची माहिती मात्र सांगायची राहिली. ती घरी आल्यावर, दोन चिठ्ठ्या वाया घालवून, मला कळली.

त्यापेक्षा निरोप लिहिण्याचा सराव कितीतरी चांगला झाला. एकदा भेटलेल्या माणसाला काय लिहावे, हे आम्हाला कुणी शिकवलेलेच नसते, म्हणून आपण एक तर काहीच लिहीत नाही किंवा रोज सकाळी फुलांचे चित्र पाठवतो. कुठे भेटलो, त्यांनी सांगितलेल्या कुठल्या गोष्टीचा उपयोग झाला आणि आता एकच नेमकी विचारणा, तीही नाही म्हणायला सोपी अशी. बस, चार ओळी. ‘माझ्यासाठी काही असेल तर बघा’ हे वाक्य प्रशिक्षकांनी सगळ्यांच्या कागदांवरून खोडायला लावले, कारण त्यात बघायचे काय ते समोरच्याला कळतच नाही. त्या दुपारी मी दाबचाचणीचे यंत्र दुरुस्त करायला दोनदा आलेल्या नाशिकच्या एका तंत्रज्ञांना निरोप लिहिला: ‘नमस्कार सर, आपण दाखवलेल्या झडपेच्या बदलानंतर यंत्र व्यवस्थित चालू आहे. नाशिककडे ज्या कारखान्यांत प्रयोगशाळेचे काम एका स्वतंत्र प्रमुखाकडे असते, अशा एक-दोन ठिकाणांची नावे सांगू शकाल का?’

त्यांचे उत्तर आठव्या दिवशी आले, दोन नावे आणि उपयोगाच्या एका फोन क्रमांकासह. त्यातल्या एका ठिकाणी माझी मुलाखत झाली. ती जागा मला मिळाली नाही, त्यांना प्रयोगशाळेच्या मान्यतेच्या कामाचा अनुभव हवा होता. पण नेमके काय कमी पडते, हे अकरा वर्षांत पहिल्यांदा समजले आणि त्या विषयाच्या प्रशिक्षणासाठी मी कारखान्यात अर्ज दिला आहे. दरम्यान गेल्या महिन्यात ग्राहकाचे तपासनीस आले तेव्हा चाचण्यांची माहिती मीच दिली. हस्तांदोलन करावे की नाही या घोळात न पडता नमस्कार केला, गाव सांगितले आणि लगेच कामावर आले. त्यांनी एकूण चार प्रश्न विचारले, चारही मला.

नव्याने नोकरीला लागणाऱ्यांना यातला बराचसा भाग महाविद्यालयातल्या चांगल्या शिक्षकांकडूनही मिळेल; पाच-सात वर्षे काम करून एकाच जागी अडकलेल्यांना मात्र पहिल्या दिवसाचे दुसरे सत्र आणि दुसरा दिवस उपयोगी पडेल. शुल्कात दोन्ही दिवसांचे जेवण धरलेले आहे. पहिल्या दिवशी फिका पुलाव होता; दुसऱ्या दिवशी शेवभाजी ठेवल्यावर सुट्टीतल्या गप्पा आपोआप वीस मिनिटांनी लांबल्या. जाणाऱ्यांनी आपला बायोडाटा छापून न्यावा, कारण तिथे प्रिंटर नव्हता, आणि मोबाइलमध्ये आपला इंटरनेटचा डेटा भरून ठेवावा.