बोनसचे गुण की महिन्याचं बोलणं? रुग्णालयाने काय निवडावं

माणसं टिकत नाहीत म्हणून मूल्यमापनाची पद्धत बदलायला निघाला असाल, तर समोर साधारण दोन रस्ते असतात. एक म्हणजे वर्षअखेरीचं अप्रेझल: फॉर्म, गुण आणि गुणांवर ठरणारा बोनस. दुसरा, वॉर्ड सांभाळणाऱ्या इन्चार्ज सिस्टरने महिन्या-दोन महिन्यांनी प्रत्येकाशी बसून बोलायचं आणि बक्षीस द्यायचं ते अख्ख्या वॉर्डाला.

पहिल्याचा हिशेब सोपा असतो आणि हातात पैसा पडतो. तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या वॉर्डबॉयला तो हवाच असतो. पण मायर आणि ॲलन या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये नोकरीशी असलेल्या बांधिलकीचे तीन प्रकार मांडले: मनापासूनची ओढ, सोडलं तर नुकसान होईल म्हणून थांबणं आणि कर्तव्याची जाणीव. बोनस मुख्यतः दुसऱ्या प्रकाराला धरून असतो. तो खात्यात जमा झाला की राजीनामा द्यायला माणूस मोकळा.

रात्रपाळीची सिस्टर घ्या. पहाटे तीनला रुग्णाचा श्वास मिनिटाला १६ वरून २६ वर गेलेला तिला दिसतो. ती डॉक्टरांना उठवते, रुग्ण सावरतो. सकाळच्या हँडओव्हरमध्ये याची एक ओळ होते. फॉर्ममध्ये त्याला रकानाच नाही, कारण वाईट काही घडलंच नाही. वर्षअखेरीला इन्चार्जला शेवटचे दोन महिने आठवतात आणि हिला 'समाधानकारक' मिळतं. बोनस कमी आला यापेक्षा हे जास्त लागतं. महिन्याच्या बोलण्यात ती पहाट निघते, म्हणून माझा कौल दुसऱ्या रस्त्याला.

आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. औषधाचा डोस चुकता चुकता राहिला हे स्वतःहून सांगणाऱ्याचे गुण कापले गेले, तर पुढच्या वेळी कोणी तोंड उघडत नाही. कोणतीही पद्धत घ्या, चुकांची नोंद बोनसपासून लांब ठेवा.

दुसऱ्या रस्त्यावरही खड्डे आहेत. वॉर्डाच्या बक्षिसात कामचुकारही वाटेकरी होतो. इन्चार्जची मर्जी चालली तर बोलणंही पक्षपाती होतं, म्हणून तिच्या मताविरुद्ध दाद मागायची सोय हवीच. आणि पगार उशिरा होत असेल, जादा ड्युटीचे पैसे थकले असतील, तर कौतुक ऐकून माणसं चिडतात. तिथे आधी थकबाकी द्या. एका इन्चार्जकडे चाळीस जण असतील, तर गट लहान करा आणि बोलण्याचा वेळ तिच्या ड्युटीतच धरा, ड्युटी संपल्यावर नको.