बाबांना घेऊन कोथळीगड: दादरच्या एका ट्रेक ग्रुपबरोबरचा पावसाळी ट्रेक

आधीच सांगते, ग्रुपचं नाव लिहीत नाहीये. खाली कौतुक आहे तशा तक्रारी पण आहेत आणि हे वाचून कुणी त्यांच्यावर तुटून पडावं असं मला नकोय. पण जुलै लागला की ऑफिसमध्ये, बिल्डिंगमध्ये, नातेवाईकांत सगळे हेच विचारतात की कुठल्या ग्रुपबरोबर जाऊ, आणि उत्तर म्हणून लोकं रील्स फॉरवर्ड करतात, ड्रोनने काढलेला धबधबा आणि मागे गाणं. माझं आता ठाम मत झालंय की ते बघून काहीच कळत नाही. पैसे भरायच्या आधी आणि ट्रेकच्या आदल्या आठवड्यात ग्रुप तुमच्याशी काय बोलतो ते बघा.

आम्ही भांडुपचे. बाबा ६३ वर्षांचे, रिटायर झालेले. तरुणपणी लालबागच्या मित्रांबरोबर एसटीने भरपूर गड केलेले, खांद्याला शबनम आणि पायात स्लीपर असे फोटो आहेत त्यांचे घरी. मग नोकरी, आमची शाळा, आजीचं आजारपण, पंचवीस वर्षांत एकही गड नाही. या वर्षी मे महिन्यात जेवताना सहज म्हणाले, एकदा पावसात गड बघायचाय गं परत. मग मी चार ग्रुपना फोन केले. तिघांनी वय ऐकलं आणि म्हणाले हो चालेल ना, ईझी ट्रेक आहे, लिंक पाठवतो पैसे भरा. चौथा हा ग्रुप. लीडर दादा म्हणाला पैसे अजिबात भरू नका, आधी काकांशी बोलू दे.

आणि खरंच बोलला, वीस मिनिटं. बीपीची गोळी किती वाजता घेता, गुडघा चढताना दुखतो की उतरताना, रात्री पायात गोळे येतात का, चष्म्यावर पाणी आलं की दिसतं का. शेवटी सांगितलं, काका, एका रविवारी बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या गेटपासून कान्हेरी लेण्यांपर्यंत चालत जा, पायऱ्या चढा, चालतच परत या, आणि मला त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा कसा आहे ते सांगा. आम्ही दोघं गेलो. बाबा दुसऱ्या दिवशी जरा लंगडत होते आणि त्यांनी ते दादाला प्रामाणिकपणे सांगितलं, मला वाटलं आता नाही म्हणेल. तो म्हणाला दोन आठवडे बिल्डिंगचे जिने चढा-उतरा, मग परत जाऊन या. दुसऱ्यांदा जाऊन आले तेव्हा गुडघा ठीक होता, मग सीट पक्की केली.

गड कुठला तेही त्यानेच ठरवलं. बाबांच्या मनात राजगड होता, दादा म्हणाला तो हिवाळ्यात करू, पहिल्या पावसात नको. मी लोहगड म्हटलं, पायऱ्या आहेत, २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या १२ किल्ल्यांपैकी एक आहे, बाबांना आवडेल. पण पावसाळ्यात शनिवार-रविवारी लोहगडासाठी मळवली स्टेशनला उतरलेल्या कुणालाही विचारा तिथे काय गर्दी असते, आणि ओल्या पायऱ्यांवर वरून खालून ढकलाढकली असेल तर साठी ओलांडलेल्या माणसाला नेऊ नये हे त्याचं म्हणणं पटलं. म्हणून कर्जतचा कोथळीगड, ज्याला बरेच जण पेठचा किल्ला म्हणतात. त्याने फोनवर फार छान सांगितलं की काका, गडाखालच्या पेठ गावापर्यंत आपण नक्की जाऊ, वरच्या गुहेपर्यंत बहुतेक जाऊ, आणि सुळक्यावर जायचं की नाही ते गुहेत बसून ठरवू. बाबांना हे इतकं बरं वाटलं, कारण गडावर पोचलो नाही तर सगळ्यांसमोर कमीपणा येईल ही भीती त्यांच्या मनात होती, मला नंतर कळलं.

बुधवारी व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला तो मी जपून ठेवलाय. पहिलीच ओळ अशी की आपण गडाच्या पायथ्याच्या आंबिवली गावात जातोय, आंबिवली स्टेशनला उतरू नका, ते कसारा लाईनवर टिटवाळ्याच्या अलीकडे आहे, आपल्याला कर्जत लोकल पकडायचीये. दुसरं, ट्रेक शनिवारी का, तर रविवारी सेंट्रलला मेगाब्लॉक असतो आणि परतताना लोकं अडकतात. तिसरं हवामानाचं. आपण सगळे मुंबईचा अलर्ट बघतो, ऑरेंज की यलो, पण कोथळीगड रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यात, भीमाशंकरच्या पठाराच्या पायथ्याशी. त्यामुळे त्याने लिहिलं होतं की हवामान खात्याचा रायगडचा इशारा आणि पुण्याच्या घाटमाथ्याचा इशारा दोन्ही बघणार, शुक्रवारी संध्याकाळी चारला यातला एक जरी रेड असेल तर ट्रेक रद्द आणि पूर्ण पैसे परत. शिवाय कर्जत तालुक्यात दरवर्षी काही धबधब्यांवर आणि धरणांवर जायला प्रशासन बंदी घालतं, ते आदेश बघून वाटेत कुठल्याही धबधब्यात उतरायचं नाही हेही आधीच लिहिलेलं. काही लोकांनी ग्रुपवर तोंड वाकडं केलं. पण १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तो हाच रायगड जिल्हा, आणि ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितलाय. असं होऊन गेल्यावर कुणी हे नियम घातले तर मला तरी त्याच्याबद्दल आदरच वाटतो.

आणि चौथी गोष्ट, प्रत्येकाने आपल्या बुटाच्या तळव्याचा फोटो पाठवायचा. बुटाचा नाही, तळव्याचा. बाबांचे मॉर्निंग वॉकचे शूज होते, झिजून गुळगुळीत झालेले, दादाने लगेच नाही सांगितलं. आपला कातळ ओला झाला, त्यावर शेवाळ आलं की कडक तळव्याचा महागडा बूट पण सरकतो, मऊ रबर आणि खोल खाचा हव्यात. मग आम्ही अ‍ॅक्शनचे ट्रेकिंग शूज घेतले, जे सह्याद्रीत फिरणारी मंडळी वर्षानुवर्षं वापरतायत, आणि बाबांचा पाय दिवसभरात एकदाही घसरला नाही. ते मात्र पूर्ण भिजतात आणि वाळायला दोन दिवस लागतात, आत वर्तमानपत्र कोंबून ठेवा. छत्रीचा गडावर काही उपयोग नाही, वाऱ्यात उलटते, आणि स्वस्त पोंचो झाडीत फाटतात, तेव्हा साधा रेनकोट आणि सॅकमध्ये कचऱ्याच्या मोठ्या पिशवीत बांधलेले सुके कपडे हे सगळ्यात बरं.

ट्रेकच्या दिवशी आम्ही भांडुपहून ठाण्याला जाऊन पहाटेची कर्जत लोकल पकडली. कर्जतला दिवाडकरांचा वडापाव खाल्ला, बाबांसाठी अर्धा ट्रेक तिथेच वसूल. आम्ही २२ जण आणि तीन लीडर, पुढे एक, मधे एक, शेवटी एक. टमटमने कशेळेमार्गे आंबिवली.

इथे पहिली तक्रार. आंबिवलीत बायकांसाठी टॉयलेटची काहीच सोय ठरवलेली नव्हती. आम्ही नऊ जणी होतो. एका घरातल्या मावशींनी स्वतःहून बोलावलं म्हणून निभावलं. जो ग्रुप बुटाच्या तळव्याचे फोटो मागवतो त्याला एका घराशी आधी बोलून, त्यांना थोडे पैसे देऊन ही सोय करता येत नाही का? मेसेजमध्ये कर्जत स्टेशनलाच जाऊन या एवढं तरी लिहायचं.

चढ सुरुवातीला चांगल्या रुंद वाटेचा आहे. पाऊस होताच, पण धो धो नाही. वाटेत एक ओढा लागला, गुडघ्याच्या खाली पाणी, दोर बांधून एकेकाला पलीकडे नेलं. तिथे मधला लीडर सगळ्यांना थांबवून सांगत होता की आपल्या डोक्यावर पाऊस नसला तरी वर पठारावर कोसळत असेल तर ओढा मिनिटांत चढतो, पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहून यायला लागला किंवा आवाज बदलला तर काठावरच थांबायचं, पलीकडे मित्र असला तरी. बाबा म्हणाले आमच्या वेळी हे कुणी सांगितलं नव्हतं, आम्ही नुसते हात धरून घुसायचो.

पेठ गावात पोचायला बाबांच्या वेगाने सव्वादोन तास लागले. एकदाही कुणी चला काका लवकर म्हटलं नाही, शेवटचा लीडर त्यांच्या मागेच होता आणि दोघं कापूरबावडी ते कर्जत अशा कुठल्या कुठल्या गप्पा मारत होते. मधे दोन मुलांनी ब्लूटूथ स्पीकर काढला तो पुढच्या लीडरने शांतपणे मागून घेतला आणि थेट कर्जतला परत दिला.

गावातून वर गुहेपर्यंतची वाट मात्र चिखलाची आणि उभी, बाबांना तिथे दम लागला, चार वेळा बसले. पण पोचले. भैरोबाची गुहा म्हणजे केवढी मोठी आणि कोरीव खांब काय सुंदर, बाहेर पाऊस आणि आत एकदम कोरडं. तिथे बसवून दादाने दहा मिनिटांत गडाचा इतिहास सांगितला, की संभाजी महाराजांच्या काळात इथे मराठ्यांचा शस्त्रसाठा होता, १६८४ मध्ये मोगलांनी दगा करून गड घेतला आणि तो परत मिळवायला गेलेले नारोजी त्रिंबक लढताना कामी आले. आरडाओरडा नाही, घोषणांची स्पर्धा नाही, पण ऐकताना अंगावर काटा आला. बाबा उठून जाऊन एका खांबावर हात ठेवून बराच वेळ उभे होते.

सुळक्याच्या पोटातून पायऱ्या कोरून काढल्यात, अरुंद आणि उंच, आणि पावसात त्यांच्यावरून पाणी ओढ्यासारखं खाली येतं. दादाने सहा-सहा जणांच्या बॅच केल्या, एक बॅच पूर्ण खाली आल्याशिवाय दुसरी वर नाही, आणि दीडनंतर कुणीही वर नाही. मग तो बाबांजवळ येऊन बसला. काय म्हणताय काका? बाबांनी पायऱ्यांकडे बघितलं आणि म्हणाले चढेन मी, पण उतरताना गुडघा दगा देईल, मी इथेच थांबतो, तू जा गं वर. एक लीडर थर्मासातला चहा घेऊन त्यांच्याबरोबर थांबला, एकटं सोडलं नाही. मी वर गेले. वर नुसता ढग आणि वारा, दोन पावलांवरचं टाकंसुद्धा नीट दिसेना, मग अर्धा मिनिट ढग फाटला आणि खाली पेठची घरं, भातखाचरं, सगळं हिरवं दिसलं. मी व्हिडिओ काढून खाली आले आणि बाबांना दाखवला, त्यांनी तो तीनदा बघितला.

जेवण पेठ गावातच एका घरी. तांदळाची गरम भाकरी, पिठलं, टाकळ्याची भाजी, लसणाची चटणी, वरणभात. पहिली पंगत भिजलेल्या आणि वयस्कर लोकांची बसवली हे मला आवडलं. जेवणाचे पैसे आमच्यासमोर त्या घरातल्या वहिनींच्या हातात दिले, तेही आवडलं.

आता बाकीच्या तक्रारी. उतरल्यावर टमटम ५० मिनिटं उशिरा आले, सगळे ओले, कुडकुडत उभे, बाबांचे ओठ निळे पडायला लागले तेव्हा मी चिडलेच. ड्रायव्हर दुसरं भाडं मारायला गेला होता म्हणे. अशा वेळी पर्यायी गाडीचा नंबर हवा की नको? फर्स्ट एडच्या पेटीत क्रेप बँडेज होतं पण नीकॅप नव्हती. आणि ९५० रुपये फीमध्ये काय काय येतं ते नीट लिहिलेलं नव्हतं, चहा आणि गावातल्या वाटाड्याचे पैसे वेगळे निघाले, ७० रुपयेच, पण आधी सांगा ना. आपण ट्रेक रद्द केला तर किती परत मिळणार हेही कुठे लिहिलेलं नाही, फोनवर विचारल्यावर सांगतात.

पाचपैकी चार स्टार. बाबा पाच द्यायला सांगतायत, पण टॉयलेट आणि टमटमसाठी मी एक कापलाय. रविवारी रात्री दादाला हे सगळं लिहून पाठवलं. त्याचा सोमवारी फोन आला, वाद घातला नाही, आंबिवलीतल्या त्या मावशींशी बोलून घेतो म्हणाला. आणि मग विचारलं, आज सकाळी काकांचा गुडघा कसा आहे?