उनकेश्वरला गेलात आणि "माझ्या मेव्हण्याला सेम असंच होतं" म्हणणारा भेटला तर सावध

नांदेड जिल्ह्यात किनवटकडच्या जंगलात उनकेश्वर आहे, गरम पाण्याच्या झऱ्याचं ठिकाण. माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला जाणारे बरेच जण वाकडी वाट करून तिकडं जातात. पाण्याला गंधकाचा वास येतो, कातडीच्या रोगाला चांगलं म्हणून खाज, गजकर्ण, सोरायसिसवाले लई लांबून येतात. आमच्या मामाला सोरायसिस आहे, कोपरं आणि गुडघे, निस्ते पांढरे पोपडे निघतात, माणूस भर उन्हाळ्यात पण फुल बाह्याचा शर्ट घालून बसतो. म्हणून परभणीहून मामा-मामीला गाडीत घालून नेलं, नांदेड, भोकर, हिमायतनगर, किनवट असं. जागा मस्त आहे, डोंगर, सागाचं जंगल, तक्रार काहीच नाही. आणि देवस्थानाचा याच्यात काही संबंध नाही हे आधीच सांगतो, नायतर लोक उगं तिकडं बोट दाखवतील.

तर मामा कुंडावर शर्ट काढून अंगावर पाणी घेत होते, मी मामीसोबत दर्शनाला. तेवढ्यात एक जण आला, साधाच, पांढरा शर्ट, गळ्यात गमछा, सोबत लहान पोरगी. मामाच्या कोपराकडं बघून म्हणतो, काका हे सोरायसिस ना, माझ्या मेव्हण्याला सेम असंच होतं, पाठ तर बघवत नव्हती. बास. विकलं काहीच नाही त्यानं, औषधाचं नाव पण आधी काढलं नाही. मामानंच विचारलं, मग बरं कशानं झालं भाऊ? इथंच गेम होतो बघा. तो म्हणतो नुसत्या आंघोळीनं काय होत नाय काका, रामानं बाण मारून शरभंग ऋषींसाठी काढलेलं पाणी आहे हे, यात औषध खलून लावावं लागतं, एक वैद्य आहेत, पैसे घेत नाहीत, निस्ती वस्तूंची नावं सांगतात, वस्तू तुम्ही कुठून पण घ्या. लगेच फोन लावून दिला. वैद्यानं पण काय सांगावं, तर "महाग दुकानात जाऊ नका, फसवतात लोक". यानंतर कोण संशय घेईल सांगा?

मामानं दोन बाटल्या कुंडाचं पाणी भरून घेतलं आणि परत येताना रस्त्यावरच्या एका मोठ्या गावात, मी पेट्रोल भरायला गेलो तेवढ्यात, मामा त्या दुकानात शिरले. वैद्यानं "कुठून पण घ्या" म्हणत नाव मात्र त्याच दुकानाचं सांगितलं होतं.

आता दुकानात काय होतं ते नीट वाचा. बरण्यांवर लेबल नाही. मामानं मेन वस्तूचा भाव विचारला, तो म्हणाला "साठ रुपये". साठ रुपये कशाला हे तो सांगत नाही आणि आपल्या डोक्यात आपोआप तोळा बसतो, आपल्याकडं जडीबुटीवाले तसंच बोलतात. मग पोरगा वजन करून लगेच खलबत्त्यात टाकतो, कुटायला सुरू, दुसरी वस्तू, तिसरी, सगळं एकत्र, वरून आपल्याच बाटलीतलं पाणी शिंपडून परत घोटायचं. आणि हे सगळं झाल्यावर बिल. साठ रुपये ग्रॅम! 240 ग्रॅम, म्हणजे 14,400, बाकीच्या वस्तू 850, टोटल 15,250. बिल कसलं, वहीच्या कागदावर निस्ते आकडे, ना दुकानाचं नाव ना जीएसटी नंबर.

मी पोचलो तर मामा घामाघूम. म्हटलं नको आम्हाला, ठेवा तुमच्याकडं. तर म्हणे कुटलेला माल परत होत नाय, तुमच्या पाण्यात भिजवलाय, आता कुणाला विकू. मग कळलं ते पाणी कशाला पायजे होतं. दोघं-तिघं दारात येऊन उभे राहिले, मामी गाडीत एकटी, अंधार पडायला लागलेला. शेवटी 9,500 वर तोडलं. स्कॅनरवर पैसे टाकताना नाव भलत्याच माणसाचं आलं, दुकानाचं नाहीच. मी स्क्रीनशॉट काढून ठेवला. दारातून पांढऱ्या शर्टवाल्याला फोन लावला, स्विच ऑफ.

पैसे गेले ते गेले, पण खरा त्रास पुढं झाला. त्यातच एक पोटात घ्यायची पुडी पण होती. मामानं ती सुरू केली आणि आठवड्याच्या आत खाज गायब, पोपडे गायब, मामा आख्ख्या जिंतूरला फोन करून सांगायला लागले की पोराला उगंच संशय. पुडी संपली आणि मग जे उठलं ते पोट, पाठ, डोक्यात सगळीकडं, आधी कधी एवढं नव्हतं. परभणीच्या स्किनच्या डॉक्टरांनी ऐकल्या ऐकल्या सांगितलं की यात स्टेरॉइड असणार, लॅबशिवाय खात्री नाही पण एवढ्या लवकर आराम पडतो तो बहुतेक त्यानंच, आणि सोरायसिसमध्ये पोटातलं स्टेरॉइड एकदम बंद केलं की दुप्पट उसळतं. गरम पाण्याचं विचारलं तर म्हणाले थोडा वेळ बसलात तर हरकत नाही, पण जास्त वेळ नको, कातडी कोरडी पडते, बाहेर आल्या आल्या अंगाला तेल नायतर क्रीम लावा.

तक्रारीचं पण सांगतो. ग्राहक हेल्पलाइन 1915 ला फोन केला, पहिला प्रश्न बिल आहे का. आयुर्वेदिक औषध असलं तरी पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव, लायसन्स नंबर, बॅच नंबर लागतो, सुटी पुडी म्हणजे यातलं काहीच नाही. अन्न व औषध प्रशासनाकडं उरलेला लेप आणि स्क्रीनशॉट घेऊन लेखी अर्ज दिलाय, पोच घेतली. पुडीचा एक कण पण उरला नव्हता, तो असता तर तपासायला देता आला असता, म्हणून कुणाकडं असली पुडी असेल तर फेकू नका आणि मधेच बंद पण करू नका, डॉक्टरला दाखवून त्यांच्या सांगण्यानं बंद करा.

परवा ऑफिसात हे सांगत होतो तर हिंगोलीचा एक जण म्हणाला आमच्या काकूला गुडघ्यासाठी असंच गाठलं होतं, एका जत्रेत. तिथं मेव्हण्याच्या जागी सासू होती, भाव तोच, साठ.