खोताच्या वाडीतील वारसा-फेरी : घरे नीट दाखवली, नाव मात्र घाईत उरकले

गिरगावातील खोताची वाडी दाखवणाऱ्या एका वारसा-फेरीला मी गेल्या रविवारी सकाळी गेलो होतो. घरांविषयीचा भाग मनापासून आवडला. लाकडी व्हरांडे, बाहेरच्या बाजूने माडीवर जाणारे जिने आणि कौलारू छपरे यांची रचना वाटाड्याने थांबून, प्रश्न विचारू देत समजावली. एके काळी पासष्टच्या आसपास असलेली ही घरे आता तिसाच्याही आत आली आहेत, हे सांगताना त्यांच्या आवाजातली कळकळ जाणवत होती.

नावाचा उलगडा मात्र ‘जमीन खोतांची, म्हणून खोताची वाडी’ एवढ्यावरच संपला. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी आपल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच ख्रिस्ती समाजाच्या, कुटुंबांना विकले; त्या कुटुंबांनी तेथे घरे बांधली, पिढ्या गेल्या, तरी वाडी मूळ मालकाच्याच नावाने ओळखली जात राहिली. शेजारच्या फणसवाडी, केळेवाडी या नावांत झाडे आहेत, कारण वाडी म्हणजे मुळात बागायत. येथे मात्र झाडाच्या जागी माणूस आहे, आणि त्याचे आडनावही हुद्द्यावरून आलेले आहे. खोत म्हणजे गावाचा शेतसारा वसूल करणारा वतनदार. ज्या खोतीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले आणि जी पुढे १९४९ च्या कायद्याने रद्द झाली, तिच्याशी जोडलेला हा शब्द कोकणातल्या माणसाला सहज ओलांडून जाता येत नाही.

त्याहून खटकले ते रहिवाशांना सरसकट ‘पोर्तुगीज’ म्हणणे. ईस्ट इंडियन हे उत्तर कोकणातलेच मूळ रहिवासी. पोर्तुगीज अमलात ते ख्रिस्ती झाले, पण त्यांची घरची बोली मराठीचीच राहिली. गोव्याहून व मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपली वेगळी ओळख राहावी, म्हणून त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, हे नाव स्वीकारले. मराठी गल्लीत उभे राहून मराठी श्रोत्यांना हे सांगितले जाऊ नये, याचे मला फार वाईट वाटले.

तरीही ही फेरी जरूर करावी. चर्नी रोड स्थानकावरून वाडीपर्यंत चालत जाता येते. घरांत माणसे राहतात, म्हणून आवाज बेताचा ठेवावा आणि व्हरांड्यातील कोणाचे छायाचित्र विचारल्याशिवाय घेऊ नये. आयोजकांना विनंती एवढीच की, छायाचित्रांसाठी राखलेल्या वेळातली दहा मिनिटे त्यांनी वाडीच्या नावासाठी द्यावीत.