टेस्ट संपल्यावर कंटेनर आवरायचे कोणी: कंपोज की टेस्टकंटेनर्स?

पणजी-पर्वरीतल्या लहान सॉफ्टवेअर टीमची मांडणी समजा अशी आहे: एपीआय (इतर प्रोग्रामना उत्तरं देणारी सेवा), पोस्टग्रेस हा डेटाबेस, रेडिस हा मेमरीतला डेटासाठा आणि टेस्ट चालवणारा, असे कंटेनर (प्रोग्राम वेगळा चालवणाऱ्या डॉकरच्या बंद पेट्या), सगळे एकमेकांवर अवलंबून, आणि सीआयचा (कोड बदलला की आपोआप टेस्ट घेणारी व्यवस्था) रनर, म्हणजे ती कामं चालवणारा प्रोग्राम, ऑफिसातल्याच एका मशीनवर. डॉकर कंपोज (एका फाइलवरून अनेक कंटेनर चालवणारं साधन) घ्यावं की टेस्टकंटेनर्स (टेस्टच्या कोडमधूनच कंटेनर चालवणारी लायब्ररी), हे ठरवताना बहुतेकजण टेस्ट सुरू करणं कुठे सोपं आहे ते पाहतात. माझ्या मते आधी पाहायचं ते हे, की टेस्ट मध्येच तुटली तर मागचा पसारा कोण काढतं.

डॉकर कंपोजची खरी ताकद शिस्तीत थांबण्यात आहे. कोणती सेवा कोणावर अवलंबून हे सांगणारं 'डिपेंड्स ऑन' लिहिलेलं असेल तर थांबवताना क्रम उलटा होतो: आधी एपीआय, मग डेटाबेस. प्रत्येकाला आधी सिगटर्म (थांबण्याची विनंती करणारा सिग्नल) जातो, ठरावीक १० सेकंद वाट पाहिली जाते, मग सिगकिल (जागीच मारणारा). एपीआय दर वेळी पूर्ण १० सेकंद खाऊन १३७ या एक्झिट कोडने (प्रोग्राम संपताना देतो तो आकडा; १३७ म्हणजे सिगकिलने मेला, शून्य म्हणजे यशस्वी) मरत असेल तर सुरुवातीची शेल स्क्रिप्ट तपासा. तिथे शेल हीच पहिली प्रोसेस असते आणि सिग्नल पुढे प्रोग्रामपर्यंत पोचतच नाही. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत प्रोग्रामच्या आधी 'एक्झेक' लिहिलं की शेलची जागा प्रोग्राम घेतो आणि काम होतं. प्रॉडक्शनमध्येही (प्रत्यक्ष वापरात) हाच कंटेनर असाच थांबणार आहे, म्हणून हा दोष टेस्टमध्येच सापडलेला बरा.

एक्झिट कोडच्या बाबतीत मात्र कंपोज फसवतं. 'एक्झिट-कोड-फ्रॉम' हा पर्याय टेस्टचा निकाल सीआयला देतो खरा, पण त्यासोबत कोणताही कंटेनर संपला की सगळे थांबवण्याचा नियमही लागू होतो. मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले बदल) करून शून्य कोडने संपणारा कंटेनर असेल तर टेस्ट संपण्याआधीच सगळं बंद. अशा वेळी 'कंपोज रन' ने टेस्टची सेवा चालवावी. ती अवलंबित सेवा आधी उभ्या करते आणि टेस्टचाच कोड परत देते. नंतर 'डाउन' (सगळे कंटेनर काढण्याची आज्ञा) व्हॉल्यूमसह (कंटेनरचा साठवलेला डेटा), आणि तेही टेस्ट नापास झाली तरी जी हमखास चालते अशा पायरीत.

टेस्टकंटेनर्समध्ये हे सगळं कोडमधून होतं. आवरण्यासाठी रायुक नावाचा वेगळा कंटेनर असतो. तो टेस्टच्या प्रोसेसशी जोडलेला राहतो. जोडणी तुटली की ठरावीक १० सेकंद थांबून लेबलवरून (कंटेनरला लावलेली खूण) त्या सत्रातले, म्हणजे टेस्टच्या त्या एका फेरीतले, कंटेनर, नेटवर्क आणि व्हॉल्यूम काढून टाकतो. कोणी जॉब (सीआयचं एक काम) रद्द केला, टेस्ट प्रोसेस कोसळली, तरी तो आपलं काम करतो. कंपोजचं 'डाउन' अशा वेळी राहूनच जाऊ शकतं. पण रायुक जबरदस्तीने काढतो, सभ्यपणे थांबवत नाही, म्हणजे तुमची सेवा नीट बंद होते का, याची परीक्षा त्यातून होत नाही. शिवाय त्याला डॉकरचं सॉकेट (डॉकरला आज्ञा देण्याची वाट) लागतं. ते मिळत नसेल तर रायुक बंद ठेवावा लागतो आणि निवडीचं मुख्य कारणच जातं.

मिरग लागला की गोव्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि तिथे दोघेही सारखेच हतबल. मशीनच बंद पडलं तर रायुकही मेला. नवं सत्र नव्या ओळखीने सुरू होतं, त्यामुळे जुना पसारा तसाच राहतो. म्हणून ऑफिसातल्या रनरवर सफाई टेस्टच्या आधीही हवी. कंपोजमध्ये हे सोपं: प्रोजेक्टचं नाव (ज्यावरून कंपोज आपले कंटेनर ओळखतं) ठरलेलं असेल तर सुरुवातीलाच व्हॉल्यूमसह एक 'डाउन' पुरतं. एकाच वेळी अनेक जॉब चालत असतील तर एकावेळी चालणाऱ्या जॉबच्या प्रत्येक जागेला स्वतंत्र पण कायम राहणारं नाव द्या.

दर जॉबला नवं मशीन देणारा क्लाउड रनर असेल तर पसाऱ्याची चिंताच नाही. तिथे टेस्टकंटेनर्स घ्या, विशेषतः टेस्ट जावात आणि एखादा डेटाबेस एवढाच व्याप असेल तर. ऑफिसातलं मशीन आणि चार-पाच जोडलेल्या सेवा असतील तर मी कंपोजच निवडेन, सुरुवातीच्या आणि शेवटच्या अशा दोन्ही 'डाउन' सकट.