पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन आणि आजोबांची तबकडी

गाणे ऐकण्यासाठी पणजीला येणाऱ्या रसिकांनी कला अकादमीतील मैफलीपूर्वी हाताशी वेळ असल्यास कांपालला मांडवीच्या काठी बसावे, असे मी नेहमी सांगतो. जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरायचेच असेल, तर पैशांचे पाकीट सोबतच्या माणसाकडे देऊन शिरावे. मी फोंड्याचा, म्हणजे इथलाच. तरीही गेल्या वर्षी अशाच रिकाम्या दोन तासांत २८,००० रुपयांना फसलो, आणि रुपयांचे दुःख त्यातले लहान आहे.

दुकानदार अतिशय अगत्यशील होते. माझ्या हातातील कार्यक्रमपत्रिका पाहून त्यांनी गाव विचारले आणि फोंडा म्हणताच, ‘‘म्हणजे बाब, तुम्ही केसरबाईंच्या मुलखातले,’’ असे म्हणून खुर्ची पुढे केली. गायिका केसरबाई केरकर फोंडा तालुक्यातील केरीच्या, आणि १९७७ साली व्हॉयेजर अवकाशयानांबरोबर पाठवलेल्या तबकडीत त्यांची भैरवी आहे, ही दोन्ही विधाने खरी असल्यामुळे दुकानदारांच्या तिसऱ्या विधानाविषयी मला शंका आली नाही. ते असे की, कोपऱ्यात ठेवलेला पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन पणजीच्या मळा भागातील एका पोर्तुगीजकालीन घरातून निघालेला असून तो १९१५ च्या सुमाराचा आहे. अष्टकोनी लाकडी पेटी, चकचकीत कर्णा, पुढे कर्ण्याकडे कान लावून बसलेल्या कुत्र्याचे चित्र. चावी फिरवून त्यांनी एका चित्रपटगीताची तबकडी लावली आणि दुकान भरून गेले. त्यांनी सांगितलेल्या ३५,००० रुपयांवरून मी किंमत २८,००० पर्यंत खाली आणली, याचा मला त्या दिवशी अभिमानही वाटला होता.

आमच्या घरी आजोबांनी जपलेली केसरबाईंची लाखेची तबकडी होती. ती वाजवण्याचे साधन कित्येक वर्षे घरात नव्हते, आणि हेच तर मला दुकानात खेचून नेणारे कारण होते. दुकानदारांनी ‘महिनाभर सहज चालेल’ असे सांगून एक पोलादी सुई दिली होती, तीच लावून मी आठवडाभरात पाचसहा वेळा तबकडी ऐकली. शेवटच्या खेपेस आवाज खरखरू लागला, आणि सुईच्या टोकाशी राखाडी भुकटी साचलेली दिसली. ती भुकटी म्हणजे तबकडीचीच खाच होती. पोलादी सुई एका बाजूपुरती, म्हणजे साधारण तीन मिनिटांपुरती असते आणि त्यानंतर ती बदलायची असते. शिवाय माझ्या यंत्राचा ध्वनिग्राहक, म्हणजे सुई बसवायची गोल डबी, वाकडा बसवलेला असल्यामुळे सुई खाचेची एकच भिंत कोरत होती. हे सर्व मला नंतर समजले.

मडगावच्या एका वृद्ध कारागिरांनी पेटी उघडली, तेव्हा आत सुटकेसवजा ग्रामोफोनची स्प्रिंगची मोटर निघाली. लाकूड नवे होते, कर्णा अलीकडचा होता आणि कुत्र्याचे चित्र चिकटवलेले होते. त्यांनी बोट ठेवले ते स्क्रूंवर: अधिक चिन्हाच्या खाचेचे हे स्क्रू १९३० च्या दशकात प्रचारात आले, तेव्हा १९१५ च्या यंत्रात ते कुठून येणार? जुनी मोटर आणि नवा कर्णा जुळवून केलेली अशी यंत्रे बाजारात पुष्कळ आहेत, असेही ते म्हणाले. म्हणून पेटीचा तळ उघडून दाखवण्याचा आग्रह धरावा. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर तेच उत्तर समजावे. तबकडीखाली कागदाचा कपटा टोक बाहेर ठेवून दडपावा आणि एका मिनिटातील फेऱ्या मोजाव्यात. त्या ७८ च्या आसपास भरल्या नाहीत तर मोटर थकलेली आहे किंवा नीट लावलेली नाही. नंतरच्या काळातील ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी अशा यंत्रावर कोणी लावून दाखवू लागला, तर त्याला या विषयातले काही कळत नाही किंवा तुम्हाला कळत नाही असे तो धरून चालला आहे. त्या सुईखाली तिचा नाश होतो.

मी पावती घेऊन पुन्हा दुकानात गेलो. पावतीवर ‘शोभेची पितळी वस्तू, नग १’ असे लिहिलेले होते, आणि मी ते पैसे देताना वाचलेले नव्हते. वर्ष, घर, कंपनी यांपैकी काहीही कागदावर नसल्यामुळे ग्राहक आयोगापुढे काय दाखवायचे, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, त्यामुळे प्रयत्न चालू आहे. दुकानदारांनी शांतपणे ऐकून घेतले, पाणी दिले, आणि मी निघताना दारापर्यंत येऊन म्हणाले, ‘‘बाब, आजोबांच्या आणखी तबकड्या असल्या तर आणा. चांगला भाव देईन.’’