मुंबई ते मांडवा, खांदेरीमार्गे : शिडाच्या नौकेतील एक दिवस

गेटवे ऑफ इंडियासमोर नांगरलेल्या शिडाच्या नौका भाड्याने देणाऱ्या एका छोट्या संस्थेबरोबर मी फेब्रुवारीत मुंबईहून खांदेरी या जलदुर्गाच्या बेटाला वळसा घालून मांडव्यापर्यंत आणि तेथून परत असा प्रवास केला. बंदरातच तासभर फिरवून आणणाऱ्या सफरी पुष्कळ आहेत. येथे मात्र एका बंदरातून दुसऱ्या बंदरात वाऱ्याच्या बळावर जाण्याचे आश्वासन असते. म्हणूनच या सेवेची पारख तिच्या गाद्या आणि न्याहारीवरून न करता कप्तानाच्या आखणीवरून करणे मला योग्य वाटते.

ती आखणी उत्तम होती. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ साधारण कळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. त्यानुसार अष्टमीच्या आसपास सकाळी सहाच्या सुमारास भरती पूर्ण होते, दुपारपर्यंत ओहोटी चालते आणि मग पाणी पुन्हा आत येऊ लागते. पौर्णिमा-अमावास्येला याच्या उलट, सकाळभर पाणी अंगावर येते. कप्तानाने अष्टमीच्या जवळचाच दिवस सुचवला होता. सकाळचा मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा डाव्या अंगाला आणि ओहोटी सोबतीला घेऊन दक्षिणेकडे खांदेरीपर्यंतचे सुमारे १३ सागरी मैल, म्हणजे जवळजवळ २४ किलोमीटर, आम्ही जवळपास संपूर्ण शिडावर कापले. वाटेत मासेमारीच्या जाळ्यांचे बोये दुरूनच ओळखून त्यांना मोठा वळसा घालण्याची थळच्या खलाशाची दक्षता मला विशेष आवडली, कारण त्या जाळ्यांवर कुणाचे तरी पोट असते.

दुपारच्या आधी वारा पडला, तरी इंजिन लगेच सुरू झाले नाही आणि खांदेरी निवांत पाहता आली. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये येथे तटबंदी उभारायला घेतली तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी ती रोखण्यासाठी जहाजे पाठवली, पण समोरच्या किनाऱ्यावरून मराठ्यांच्या लहान होड्या रसद पोहोचवतच राहिल्या. पुढच्याच वर्षी जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारचे उंदेरी बेट बळकावले. मुंबई बंदराच्या तोंडाशी हे बेट किती मोक्याच्या जागी आहे, हे पाण्यावरून पाहिल्याशिवाय नीट उमगत नाही. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या या दुर्गाबद्दल नौकेवर कुणी चार वाक्येही सांगत नाही, ही उणीव सहज भरून काढता येईल.

मग वायव्येचा खारा, म्हणजे समुद्रावरून येणारा वारा सुटला. ईशान्येला मांडव्याकडे वळल्यावर तो पुन्हा डाव्याच बाजूने आडवा मिळाला आणि नौका उजवीकडे कलून वेगाने निघाली. सफरीचा सर्वांत सुंदर भाग तो हाच. मांडव्याहून मुंबईची दिशा मात्र जवळजवळ वाऱ्याच्या तोंडावर येते. भरतीची साथ असली तरी वाऱ्याविरुद्ध शिडावर नागमोडी जात संध्याकाळच्या आत पोहोचणे कठीण असल्याने परतीत इंजिन लावले गेले. तो निर्णय बरोबरच होता, पण माहितीपत्रकात परतीचा प्रवासही शिडावरचा म्हटले आहे. ते दुरुस्त करावे.

खरी गंभीर त्रुटी वेगळी आहे. नौकेवर लहान मुलांच्या मापाची जीवरक्षक जाकिटे नव्हती आणि मोठ्यांचीच जाकिटे मुलांना आवळून बांधली गेली. मोठ्यांना ही सफर मी आग्रहाने सुचवेन. मुलांना न्यायचे असेल तर त्यांच्या मापाची जाकिटे आहेत का, हे विचारून, पाहून आणि घालून बघितल्याशिवाय धक्का सोडू नये.